तयार सुती कॅनव्हास, 12 बाय 16 इंच: बेळगावच्या पावसात आणि उजेडात

चित्रसाहित्याच्या दुकानात मिळणारा, चौकटीवर ताणलेला पांढरा सुती कॅनव्हास तैलरंगातल्या स्थिरचित्रासाठी, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रासाठी, घ्यावा का? जरूर घ्यावा. पण आणला आणि रंगवायला बसलं, असं करू नये.

दुकानातच तो उजेडासमोर धरा. विणीतून सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले तर अस्तर, म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप, कमी पडलंय. तिथून जवसाचं तेल सुतात उतरतं, सूत हळूहळू ठिसूळ होतं आणि वरचे गडद रंग राखेसारखे फिके पडतात. घरी ॲक्रिलिक जेसोचे (अस्तराच्या तयार पांढऱ्या लेपाचे) आणखी दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. मध्ये 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जुलैत, बेळगाव जिल्ह्यातल्या पावसाळी खानापूरकडे प्रत्येक हात दोन दिवस वाळू दिलेला बरा. चौकट टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतात का तेही बघा. पीळ पडलेली चौकट घेऊच नका.

लाकडी पाचरी मागून घ्या. दमट हवेत कॅनव्हास ढिला पडला की त्या चारी कोपऱ्यांत थोड्या थोड्या ठोकायच्या; एकाच कोपऱ्यात जोर लावला तर वाळलेल्या रंगाला तडा जातो. जिल्ह्यातल्याच अथणीच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी.

या कॅनव्हासचा खरा दोष त्याचा पांढराशुभ्रपणा. त्यावर रंगवलेल्या पितळी तांब्याची उजेडाची बाजूसुद्धा काळवंडलेली वाटते, मग हात पांढऱ्याकडे जातो आणि पितळ खडूसारखं दिसू लागतं. म्हणून आधी बर्न्ट अंबर, हा भाजलेल्या मातीचा गडद तपकिरी रंग, टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळीकडे पुसून घ्या. त्यात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणून तिथेच रंगवावं, हा चित्रकारांचा नियम इथे वर्षभर चालत नाही. बेळगाव 16 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच खिडकीतून येतं आणि तासाभरात सावल्या सरकतात. खिडकीला पांढरी मलमल लावा, किंवा ढगाळ दिवस धरा. ढगाळ उजेडात तांब्याच्या पोटावरची चमक आजूबाजूच्या पितळाएवढी पिवळी नसते, थंड वाटते, आणि बुडाशी खालच्या लाकडी पाटाचा तांबूस रंग उमटतो. मातकट अस्तरावर ती चमक एका ठिपक्यात बसते. कोऱ्या पांढऱ्यावर ती दिसतच नाही.