आठ महिने ‘डेस्कटॉप डंजन्स’: अंधार पुरवून वापरायचा खेळ

पहिले तीन आठवडे मी फक्त हरत होतो. सरावाची भुयारं संपून खरी भुयारं सुरू झाली आणि प्रत्येक डावात तेच घडू लागलं. सुरुवात जोरात, मध्यावर धाप, आणि शेवटी बॉससमोर, म्हणजे भुयारातल्या सगळ्यात मोठ्या राक्षसासमोर, उभा राहायचो तेव्हा हेल्थ अर्धी, माना (मंत्र टाकायची शक्ती) संपलेला आणि नकाशा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळलेला. माझी चूक त्या उजळलेल्या नकाशातच होती. ती कळली त्या दिवसापासून हा खेळ माझा झाला.

‘डेस्कटॉप डंजन्स’ हा दक्षिण आफ्रिकेतल्या क्यूसीएफ डिझाइन या छोट्या चमूनं केलेला खेळ. आधी तो प्राथमिक रूपात फुकट मिळत होता. २०११ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला रचनेसाठीचं पारितोषिक मिळालं, आणि पूर्ण खेळ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. मी खेळतो ती हीच २०१३ ची आवृत्ती, जुन्या लॅपटॉपवर, बहुतेक वेळा रात्रीची जेवणं आटोपल्यावर. सगळं काम माऊसच्या क्लिकवर होतं. साधा डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो, अवघड भुयाराला पाऊण तासही लागतो. तो वेळ विचारात जातो, कारण इथे घड्याळ नाही. राक्षस आपापल्या जागी उभे असतात आणि तुम्ही हात लावेपर्यंत तेही काही करत नाहीत.

रोगलाइक म्हणजे १९८० च्या ‘रोग’ या खेळाच्या वळणाचे खेळ: दर वेळी नवा नकाशा आणि मेलात की डाव संपला. असे बरेच खेळ मी आधी खेळलोय. त्यांत हरलो की मनात यायचं, फासे वाईट पडले. इथे फासे जवळजवळ नाहीतच. राक्षसावर माऊस नेला की पुढचा वार झाल्यावर तुमची हेल्थ किती उरेल, त्याची किती, तुम्ही जगाल की मराल, हे खेळ आधीच दाखवतो. मी शेकडो वेळा मेलोय, आणि त्यांतलं बहुतेक मरण काही क्लिक आधी मीच ओढवून घेतलेलं होतं.

आता मूळ गोष्ट. भुयार म्हणजे २० बाय २० घरांचा पट, सुरुवातीला बहुतेक सगळा काळोखात. अंधारातलं प्रत्येक घर उघडलं की तुमच्या लेव्हलइतकी हेल्थ आणि १ माना परत मिळतो. विश्रांती घेऊन हेल्थ वाढवायची सोय नाही, थांबून काही मिळत नाही. म्हणजे जखम भरून काढायला जे आहे ते मुख्यतः न उघडलेल्या घरांतच आहे, आणि ती घरं मोजकी आहेत. अंधार हीच तुमची शिदोरी. हेल्थ आणि माना भरलेले असताना तुम्ही नुसतं बघायला म्हणून दहा घरं उघडलीत, तर भरल्या पोटी शिदोरी सोडून सांडून टाकलीत.

पण मग उघडायचंच नाही का? इथेच खेळाची खरी गंमत आहे. मंत्र कुठे पडलेत, दुकानं कुठे आहेत, कोणत्या देवाची वेदी आहे, कोणता राक्षस वाट अडवून बसलाय, यातलं काहीही उघडल्याशिवाय कळत नाही. माहिती हवी तर शिदोरी मोडावी लागते, आणि शिदोरी राखली तर आंधळ्यासारखं लढावं लागतं. आठ महिन्यांनंतरही पहिल्या लेव्हलला किती फिरायचं याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. दर डावाला ते वेगळं असतं.

आणि राक्षसही अंधारावर जगतात. तुम्ही घर उघडलंत की जखमी राक्षसाचीही हेल्थ भरून येते, त्याच्या लेव्हलइतकी. हे नीट समजायला मला वहीत आकडे मांडावे लागले. समजा मी चौथ्या लेव्हलचा आहे आणि समोर सहाव्या लेव्हलचा राक्षस आहे. माझ्याकडे बर्नडेरॅझ म्हणजे आगीचा गोळा आहे: ६ माना लागतो आणि लेव्हलच्या चौपट मार बसतो, म्हणजे १६. गोळा मारला, माना संपला, म्हणून मी मागे जाऊन सहा घरं उघडली. मला ६ माना मिळाला, आणखी एक गोळा मारता येईल. पण तेवढ्यात त्या राक्षसाला ३६ हेल्थ परत मिळू शकते. मी १६ ची जखम करण्यासाठी ३६ ची भरपाई करून दिली! पहिले तीन आठवडे मी अगदी हेच करत होतो: थोडं लढायचं, माघार घ्यायची, फिरायचं, परत यायचं. मोठा राक्षस अंगावर घेतला की त्याला एका दमात संपवायचं, आणि त्या दमाची सगळी तयारी हात लावण्याआधी करायची. ही शिस्त अंगी बाणली आणि मी जिंकू लागलो.

अशी तयारी करायला खेळ जो मार्ग देतो तो मला आजवर दुसऱ्या कुठल्या खेळात इतका सुंदर दिसला नाही. लेव्हल वाढली की हेल्थ आणि माना दोन्ही पूर्ण भरतात. मग लेव्हल वाढायचा क्षण लढाईच्या मध्यावर आणला तर? माझा पहिला खरा विजय असाच झाला. मी सातव्या लेव्हलला होतो. पुढच्या लेव्हलला ३५ अनुभव (राक्षस मारून मिळणारे गुण) लागतो, माझ्याकडे ३३ होता. बॉसवर सगळा माना ओतला, मग तलवारीचे वार केले, इतके की पुढच्या वाराला मी मेलोच असतो. तेव्हा उघड्या वाटेनंच मागे वळलो, एकही नवं घर न उघडता. दुसऱ्या लेव्हलचा एक किरकोळ राक्षस मी सुरुवातीपासून मुद्दाम जिवंत ठेवला होता. त्याला एका फटक्यात मारलं, २ अनुभव मिळाला, आठवी लेव्हल आली, हेल्थ-माना काठोकाठ भरले. बॉस तसाच जखमी उभा होता, कारण मधल्या वेळात अंधाराला मी हात लावला नव्हता. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. असे राखून ठेवलेले छोटे राक्षस इंग्रजीत खेळणारे पॉपकॉर्न म्हणून ओळखतात. आमच्या घरात त्यांना चिल्लर म्हणतात. नोटा आधी मोडायच्या, चिल्लर शेवटपर्यंत जपायची. आपल्याहून वरच्या लेव्हलचा राक्षस मारला तर जादा अनुभव मिळतो, त्यामुळे सुरुवातीला मोठ्यांवर हात टाकायचा आणि लहानांना सोडून द्यायचं, हे उफराटं वाटणारं गणित बरोबर ठरतं.

मंत्रांची नावं इंग्रजी बोलीतल्या ओरडण्यासारखी आहेत. हाल्पमे म्हणजे ‘वाचवा मला’, त्यानं हेल्थ भरते. इमावॉल राक्षसाची भिंत करून टाकतो. एन्डिसवॉल असलेली भिंत फोडतो, आणि कोंडलेल्या नकाशात त्याची किंमत सोन्यासारखी असते. नको असलेला मंत्र किंवा वस्तू मोडीत काढता येते, आणि त्या बदल्यात तुमच्या वंशाप्रमाणे काहीतरी पदरात पडतं: माणसाला वाराचा जोर, बुटक्याला हेल्थ, एल्फला माना. त्यामुळे भुयारात सापडलेलं काहीच वाया जात नाही. काय वापरायचं आणि काय मोडायचं, एवढाच प्रश्न उरतो.

देवांचं प्रकरणही असंच हिशेबाचं. टॉरॉगला जादू खपत नाही. त्याची भक्ती पत्करलीत तर बळ आणि चिलखत मिळेल, पण मंत्र टाकाल तर रोष ओढवेल. बिनलॉरला भिंती फोडलेल्या आवडतात. कोणाच्या पायाशी जायचं हे तुमच्या हातात त्या वेळी काय आहे यावर ठरतं, आणि चुकीच्या देवाचं व्रत घेतलं तर ते मधेच निस्तरणं जड जातं.

योद्ध्यांमध्ये माझा जीव मंकवर, म्हणजे संन्याशावर आहे. त्याचा वार निम्म्या जोराचा असतो, पण अंधारातल्या प्रत्येक घरातून त्याला दुप्पट हेल्थ मिळते आणि अंगावर येणारा मारही त्याला निम्माच लागतो. अंधार पुरवून वापरण्याची कला शिकायची असेल तर त्याच्यासारखा गुरू नाही. ॲसॅसिन, म्हणजे मारेकरी, याच्या अगदी उलट: स्वतःपेक्षा खालच्या लेव्हलच्या राक्षसाला एका वारात संपवतो, त्यामुळे सगळं भुयारच त्याची चिल्लर होतं. प्रत्येक योद्ध्यागणिक तीच चारशे घरं नव्या नजरेनं पाहावी लागतात, आणि हेच मला आठ महिने धरून ठेवणारं कारण आहे.

माझी सातवीतली भाची सुट्टीत राहायला आली होती. मी खेळताना ती शेजारी येऊन बसली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “मामा, तो कोपरा नको उघडूस, तिथला अंधार राहू दे.” मी तिच्या हातात माऊस दिला. तिनं निवडली ती बुटक्यांच्या वंशातली बाई. या खेळात योद्धा पुरुष असो की बाई, दोघांची चित्रं सारख्याच मेहनतीनं काढली आहेत, आणि बाया कामावर निघालेल्या दिसतात: अंगभर कपडे, रापलेले चेहरे. असं चित्र काढणं सवयीमुळे किती कठीण गेलं, याबद्दल बनवणाऱ्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. भाचीला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली की ही बाई खरंच भांडेल असं वाटतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. खेळ शिकवण्यात कंजूष आहे. वर मी सोळा आणि छत्तीसचं जे गणित मांडलं, ते सरावाच्या भुयारांतून मला उमगलं नाही, मार खाऊनच उमगलं. सगळा मजकूर मला इंग्रजीत वाचावा लागतो, आणि वस्तूंची वर्णनं बारीक अक्षरात आहेत, त्यामुळे घरातल्या थोरांना हा खेळ देताना शेजारी बसावं लागतं. भुयाराबाहेर आपलं एक राज्य आहे. तिथे सोनं खर्चून इमारती वाढवायच्या, मग नवे योद्धे आणि नव्या वस्तू खुल्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते सोनं जमवणं कंटाळवाणं झालं. जिंकलेली भुयारं केवळ पैशासाठी पुन्हा खेळावी लागली. आणि कधी कधी नकाशाच असा पडतो की चिंचोळ्या बोळाच्या तोंडाशी तगडा राक्षस आणि मागे काहीच नाही. असे डाव थोडे असतात. बहुतेक वेळा ‘नकाशा वाईट होता’ म्हणून सोडलेल्या डावात नंतर मला वाट दिसली आहे, पण सगळ्यांत नाही.

२०२३ मध्ये याचीच नवी आवृत्ती आली, ‘रीवाइंड’. तिची चित्रं त्रिमितीय आहेत आणि चूक झाली तर वेळ मागे फिरवण्याची सोय आहे. नव्यानं सुरू करणाऱ्याला ती सोय नक्की उपयोगी पडेल. मला जुनीच आवडते. डॅनी बॅरानोव्स्की आणि ग्रँट कर्कहोप यांचं संगीत आता इतकं ओळखीचं झालंय की खेळ बंद असतानाही ते डोक्यात चालू असतं.

बुद्धिबळातली कोडी सोडवणाऱ्याला, सुडोकूत पेन्सिलनं बारीक आकडे लिहून ठेवणाऱ्याला, हा खेळ मी डोळे मिटून सांगेन. ज्याला धावपळ आणि मारामारी हवी आहे त्यानं घेऊ नये, तो पहिल्या आठवड्यात सोडून देईल.

खेळात ठरावीक मांडणीची वेगळी कोडीही आहेत. तिथे नकाशा बदलत नाही आणि उत्तर काढावंच लागतं. त्यातल्या एकावर आम्ही दोघं गेल्या रविवारपासून अडलोय. भाची तिच्या घरी, मी माझ्या. पट चौकटीच्या वहीत उतरवून मी तिला फोटो पाठवला. काल रात्री तिचा निरोप आला: “मामा, औषध शेवटी नाही, आधी प्यायचं. मग एक घर उरतं.” अजून करून पाहिलेलं नाही. ती शनिवारी येतेय.