दोघांसाठी एक फोन: स्प्लिटर की हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर?

ग्वाल्हेरच्या आमच्या घरी रात्री सगळे झोपले की आजोबा आणि मी एकाच फोनवर ख्याल ऐकतो. आधी ३.५ मिमीचा साधा स्प्लिटर, म्हणजे एका जॅकवर दोन हेडफोन लावू देणारा जोड, आणला. स्वस्त, वीज नको, खिशात मावतो. पण ३२ ओहमचे दोन हेडफोन त्यावर समांतर जोडले जातात, म्हणजे फोनसमोर १६ ओहमचा, एका हेडफोनपेक्षा जड भार येतो. शिवाय आवाजाचं बटण दोघांत एकच! आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी वाढवला की तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) माझे कान दुखायचे.

मग हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घेतला, म्हणजे फोनचा आवाज वाढवून दोन्ही हेडफोनना देणारं यंत्र. त्यावर प्रत्येकाला वेगळा नॉब. आजोबा आपला हळूच फिरवतात, डोळे मिटतात आणि तिलवाडा तालाच्या १६ मात्रा बोटांवर मोजू लागतात. पैसे जास्त गेले, वायरी वाढल्या, तरी माझं मत यालाच. प्रवासात, दोघांचे हेडफोन सारखे असतील तर स्प्लिटर पुरतो.