सहा आकडे वाचले, वरची ओळ वाचली नाही

आधी लाज वाटणारी गोष्ट सांगून टाकतो. मी पतसंस्थेत कर्ज विभागात नोकरीला आहे, 17 वर्षं. दिवसभर समोरच्याला सांगत असतो, "काका, कागद वाचा, मग सही करा." आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून एका पोरगेल्या सेल्समननं मला 99,000 रुपयांचं कर्ज गळ्यात मारलं. मला वाटलं मी मुलीच्या क्लासची फी भरतोय.

सुरुवात शाळेतून झाली. मुलगी तेव्हा आठवीत. शनिवारी शाळेत "मोफत करिअर चाचणी" झाली, फॉर्मवर पालकांचा नंबर मागितला होता. फुकट चाचणीत नंबर कशाला, हे एकाही आईबापानं विचारलं नाही, मीही नाही. पुढे मुख्याध्यापकांना जाब विचारला तर म्हणाले, "आम्ही फक्त वर्ग उघडून दिला." नशीब, चहा आम्ही दिला असं नाही म्हणाले.

चार दिवसांत फोन. "सर, अभिनंदन! मुलगी टॉप स्लॅबमध्ये आलीय, 40 टक्के स्कॉलरशिप." रविवारी, 20 ऑक्टोबर 2024 ला, टाय लावलेला मुलगा घरी हजर. हातात 24 पानी रंगीत रिपोर्ट. आठवी ते बारावी फाउंडेशन, नीटची तयारी, कॉलेज निवडीपर्यंत मार्गदर्शन, टॅब फुकट. मूळ किंमत 1,80,000, स्कॉलरशिप वजा जाता 1,08,000. रिपोर्टमध्ये पोरीचं गणित "सरासरीपेक्षा कमी" असं लाल अक्षरात. तिच्यासमोरच वाचून दाखवलं त्यानं. पोरगी उठून आत गेली. "काकू, आत्ता पाया कच्चा राहिला तर अकरावीला लाखोंचे क्लास लावूनही उपयोग नाही," असं तो हिला म्हणाला, आणि ही माझ्याकडं बघायला लागली. अशा वेळी बाप काय करतो हे त्या पोराला नीट शिकवलेलं असतं.

मी म्हटलं, एवढे एकदम नाहीत. तो म्हणाला, "एकदम कुठं मागतोय सर? आज 9,000, बाकी महिना 5,500, अठरा महिने, झिरो इंटरेस्ट." मी कर्ज विभागातला माणूस! बिनव्याजी कर्ज जगात कुणी कुणाला देत नाही हे मला कळायला नको? पण तो "कर्ज" म्हणालाच नाही. "सुविधा" म्हणाला, "ईझी पेमेंट" म्हणाला.

आता तो क्षण. त्यानं आधार आणि पॅनचे फोटो घेतले. फीसाठी पॅन कशाला? इथं एकदा मनात पाल चुकचुकली होती. विचारलंही. "पावतीसाठी सर, टॅक्समध्ये फायदा." मग ओटीपी आला. चष्मा फ्रिजवर होता. मी मोबाईल लांब धरून शेवटचे सहा आकडे वाचून दाखवले. तो मेसेज अजून जपून ठेवलाय. आकड्यांच्या वरच स्वच्छ लिहिलंय की हा ओटीपी लोन अ‍ॅग्रीमेंटवर ई-साइन करण्यासाठी आहे. लोन हा शब्द माझ्या अंगठ्याखाली होता. दोन मिनिटांनी दुसरा ओटीपी, खात्यातून परस्पर हप्ता कापायच्या मँडेटचा. तोही दिला. हातात चहाचा कप होता हो, आणि पोरगी आत रडत होती.

"15 दिवसांत आवडलं नाही तर सगळे पैसे परत." हे तोंडी. टॅब आला 31 ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीला. फराळ, पाहुणे, भाऊबीज. दिवाळी उरकल्यावर बघितलं, तर सगळी लेक्चर इंग्रजीत आणि पोरगी मराठी माध्यमात. 7 नोव्हेंबरला ईमेल केला. उत्तर: 15 दिवस पैसे भरल्यापासून मोजले जातात आणि टॅबचं सील फोडलंय, सबब रिफंड नाही. सील न फोडता आवडलं की नाही कसं कळणार, याला उत्तर नाही. सेल्समनचा नंबर तेव्हापासून बंद.

डिसेंबर ते मार्च चार हप्ते गेले, 22,000. एप्रिलला मी मँडेट बंद करायला बँकेत अर्ज टाकला आणि खात्यात मुद्दाम पैसे ठेवले नाहीत. अर्ज पडून राहिला, तीन हप्ते परतले. बँकेनं दर वेळी 590 म्हणजे 1,770 कापले, कर्ज देणाऱ्या कंपनीनं वर 1,500 लावले. रात्री साडेनऊला वसुलीचे फोन. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मी तो त्या माणसाला सांगितला. तो हसला.

पोलीस ठाण्यात गेलो. "ओटीपी तुम्हीच दिलाय ना? वर टॅब पण मिळालाय. मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." मी म्हटलं, कर्ज आहे हे लपवलं. "तुम्ही कुठं कामाला?" सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघून हसले. त्या हसण्याचा राग मला 1,08,000 पेक्षा जास्त आहे. तिथून शिक्षण खात्याच्या ऑफिसात. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या सूचनांची प्रिंट घेऊन गेलो होतो: 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी. साहेब म्हणाले, त्या सूचना आहेत, कायदा नाही, आणि ऑनलाइन आमच्याकडं येत नाही. मग येतं कुणाकडं? त्यांनी वरच्या ऑफिसचा पत्ता दिला. वरच्यांनी खालच्यांचा. एका तक्रार पोर्टलवर तर कंपनीनं "ग्राहकाशी बोलणं झालं" एवढं लिहिलं आणि तक्रार निकाली! माझ्याशी कोण बोललं? मला विचारलं कुणी? दोन रजा आणि तीन अर्धे दिवस गेले यात.

शेवटी जूनमध्ये हप्ते परत सुरू केले. भित्रा म्हणा. पण चार वर्षांनी पोरीच्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज लागलं तर सहकर्जदार मीच असणार, आणि माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब झाला तर बँक दारात उभी करणार नाही. एकूण हिशोब 1,11,270.

यात कुणी अडकलंच असेल तर फोनवर भांडू नका, सगळं ईमेलवर, आणि क्लासवाल्यांना व कर्ज देणाऱ्याला एकाच दिवशी. क्लासवाल्यांना त्यांचे पैसे कर्ज देणाऱ्याकडून आधीच मिळालेले असतात, त्यांना घाई नसते. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ते माझ्या कर्जकराराच्या 11 पानी पीडीएफमध्ये होतं, मी ती फेब्रुवारीत उघडली. कर्ज देणाऱ्यानं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. करारात "न्यायक्षेत्र बंगळुरू" बघून घाबरू नका, ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी केलीय, तारखा चालू आहेत. आणि शाळेच्या फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायचं सोडा. शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्येच अशा ऑटो-डेबिटपासून सावध राहायला सांगितलं होतं. ते माझ्यापर्यंत 2025 मध्ये पोचलं, तेही मीच शोधल्यावर.

गेल्या मंगळवारी नव्या नंबरवरून फोन आला. "सर, तुमचा रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंगचे फक्त 2,999 भरा." मला माझा करार क्रमांकसुद्धा सांगितला त्यानं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. फोन कट करायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, "रक्कम खात्यात कधी येईल?"