टचस्क्रीन की लिव्हर: युद्धनौकेच्या ब्रिजवर काय असावं?

जहाजाच्या ऑटोमेशनची रचना तुमच्याकडे आली, तर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, सुकाणू आणि थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारं नियंत्रण) पडद्यावर द्यायचे की चाकावर आणि लिव्हरवर, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

टचस्क्रीनची बाजू भक्कम आहे. जागा वाचते, सुधारणा सॉफ्टवेअर बदलून होते, आणि एक कन्सोल (नियंत्रणाचं मेज) बंद पडला तर काम दुसऱ्यावर नेता येतं. लढाईत ही सोय जहाज वाचवू शकते.

हीच सोय २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी विनाशिका जॉन एस. मॅकेनला भोवली. सुकाणूवरच्या खलाशाला वेगही सांभाळणं जड जात होतं, म्हणून थ्रॉटल शेजारच्या कन्सोलवर द्यायचं ठरलं. त्या गडबडीत सुकाणूही तिकडे गेलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुकाणूच निकामी झालं असं वाटून वेग उतरवायला घेतला, तर दोन शाफ्टचे (पंखे फिरवणाऱ्या दांड्यांचे) दोन थ्रॉटल पडद्यावर एकमेकांशी जोडलेले नव्हते. डाव्या शाफ्टचाच वेग कमी झाला, जहाज डावीकडे वळलं आणि टँकरला धडकलं. १० नौसैनिक गेले. ब्रिजवरचे काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले, या पडद्यांना नवखे होते.

दोन लिव्हर शेजारी असते, तर एक मागे आणि एक पुढे राहिलाय हे अंधारातही हाताला कळलं असतं. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी लिव्हर ठेवावा. अमेरिकी नौदलानेही २०१९ मध्ये थ्रॉटल पुन्हा हाताचे करायचं ठरवलं.

मात्र लिव्हर बसवला म्हणजे निश्चिंत झालो, असं समजू नका. आजच्या लिव्हरचा आदेशही बहुधा संगणकातूनच जातो. १९९७ मध्ये यॉर्कटाउन या क्रूझरवर डेटाबेसमध्ये एक शून्य भरलं गेलं, शून्याने भागाकार झाला, नेटवर्क कोसळलं आणि जहाज समुद्रात थांबलं. म्हणून इंजिन रूममधून थेट चालवण्याची सोय दोन्ही रचनांत हवीच.

टाक्यांची पातळी, अलार्म, आग-पाण्याची देखरेख खुशाल पडद्यावर द्या. कमी माणसांत जहाज चालवायचं तर तिथे दुसरा इलाज नाही. सुकाणू आणि थ्रॉटल मात्र हातात ठेवा. ताबा कुणाकडे आहे ते प्रत्येक कन्सोलवर ठळक दिसू द्या, आणि समोरच्याने स्वीकारल्याशिवाय ताबा हलू देऊ नका. चाचणीला अनुभवी अधिकाऱ्याऐवजी रात्रीच्या पहाऱ्यावरचा नवखा खलाशी बसवा.