ओपनडब्ल्यूआरटी राउटर आणि सिम रेसिंगचा पिंग : सावद्यातला वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात कोणी नेट वापरत नसताना तुमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) चांगला असेल आणि घरचे ऑनलाइन आले की बिघडत असेल, तर जास्त एमबीपीएसच्या प्लॅनवर पैसे घालू नका. पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग सांभाळणारा राउटर घ्या. मार्चअखेरपासून मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) टाकलेला राउटर वापरतोय, त्यावर एसक्यूएम, म्हणजे ही रांग सांभाळणारी सोय, चालू आहे. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं त्यावर काढलं. आता विश्वासाने लिहू शकतो.

माझी मांडणी अशी : सावदा, तालुका रावेर. लोकल केबलवाल्याचं फायबर, ५० एमबीपीएस अपलोड आणि तेवढंच डाउनलोड. गेमिंग लॅपटॉप, लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग. खेळतो सिम रेसिंगचे, म्हणजे खऱ्यासारख्या गाड्यांच्या शर्यतीचे, गेम : असेटो कोर्सा, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने आणि अधूनमधून आयरेसिंग. घर एकत्र कुटुंबाचं. काका केळीचे व्यापारी, त्यामुळे संध्याकाळी बागेतल्या घडांचे व्हिडिओ उत्तरेकडच्या पार्ट्यांना जात असतात. दारावरचे दोन कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवतात. आणि घरचे लग्नाहून आले की सगळ्यांचे फोन एकदम वायफायला लागतात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. एसक्यूएमच्या आधी अशा रात्री माझा पिंग पंचवीसवरून तीनशेच्या पुढे जायचा.

सिम रेसिंगमध्ये याचा त्रास का होतो, ते आकड्यांत बघा. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर जीटी३ वर्गातली रेसिंग गाडी ताशी २७० किमीला पोचते, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. १०० मिलिसेकंदांत ती साडेसात मीटर पुढे जाते. गाडीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास. म्हणजे शेजारची गाडी तुम्हाला जिथे दिसते, तिथे ती खरं तर नसतेच. शेवटच्या पॅकेटमधली जागा, वेग आणि दिशा घेऊन गेम अंदाजाने तिला पुढे सरकवत असतो. सरळ पट्ट्यावर अंदाज जमतो, पहिल्या शिकेनला (डाव्या-उजव्या जोडवळणाला) सगळे एकदम ब्रेक मारतात तेव्हा फसतो. म्हणून सरासरी पिंगपेक्षा पिंगची चढउतार, म्हणजे जिटर, जास्त घातक. स्थिर १२० वर मी चाकाला चाक लावून शर्यत करू शकतो. ३० ते २०० अशा उड्या मारणाऱ्या पिंगवर दुसऱ्याच्या शेजारी गाडी घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आयरेसिंगमध्ये जोरदार धडकेचे ४एक्स (चार दंडगुण) दोघांनाही बसतात, चूक कोणाची ते सिस्टिम बघत नाही. तुमच्या लॅगमुळे समोरच्याचं सेफ्टी रेटिंग (सुरक्षित चालवण्याचे गुण) खाली येतं, ही गोष्ट मला मनापासून टोचायची.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते कसं शोधायचं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन काळ्या खिडक्या उघडा आणि तिन्हींत पिंग सतत चालू ठेवा. एकीत घरचा राउटर, बहुतेकांचा १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत केबलवाल्याकडचा पहिला टप्पा, तो ट्रेसर्ट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) च्या यादीत घरच्या राउटरनंतरच्या ओळीत दिसतो. तिसरीत गेमचा सर्व्हर, किंवा त्याचा पत्ता मिळत नसेल तर गूगलचा ८.८.८.८. आणि मग शर्यत लावा. पहिली खिडकी उसळत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. पहिली शांत आणि दुसरी उसळतेय, तर राउटरपासून केबलवाल्यापर्यंतच्या लाइनचा. दोन्ही शांत असून फक्त तिसरी चढली, तर पुढच्या रस्त्याचा, आणि तिथे राउटर काहीच करू शकत नाही. ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या टप्प्यावर तारका किंवा मोठा आकडा दिसला आणि पुढचे टप्पे नीट असले, तर तिकडे लक्ष देऊ नका. पुष्कळ मोठे राउटर पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतात, गेमची पॅकेटं मात्र वेळेवर पुढे पाठवतात.

माझ्याकडे आधी पहिलीच खिडकी हलायची. हॉल खाली, माझी खोली वर, मध्ये स्लॅब. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या गल्लीत घरटी एक राउटर. जिन्याच्या कडेने कॅट ६ केबल वर नेली, पहिली खिडकी एक मिलिसेकंदाच्या खाली गेली ती आजतागायत हललेली नाही. सिम रेसिंगला केबल हवीच. वायफाय कितीही भारी असलं तरी माझं मत बदलणार नाही.

दुसरी खिडकी मात्र लग्नसराईत उसळायचीच, आणि खरा विषय इथे सुरू होतो. शर्यतीत गेमला स्वतःला एक एमबीपीएसच्या आतबाहेरच डेटा लागतो. मग ५० चा प्लॅन कमी का पडावा? कारण राउटर आणि ओएनटी (फायबर घरात जिथे येतं ते केबलवाल्याचं खोकं) यांच्या पोटात पॅकेटांची लांब रांग साठते. अपलोड ५० एमबीपीएस असेल आणि रांगेत २ एमबी तुंबले असतील, तर ती रिकामी व्हायला ३२० मिलिसेकंद लागतात, आणि तुमच्या स्टिअरिंगची बातमी नेणारं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. वजनकाट्यावर केळीच्या ट्रकांची रांग लागल्यावर मागून आलेल्या दुचाकीलाही थांबवावं, तसा हा प्रकार. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली : रांगेत पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजायचं, आणि तो वेळ १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत ५ मिलिसेकंदांच्या खाली येतच नसेल, तर काही पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावायचं. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी ओळ देते. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आलेली केक ही त्याच वाटेवरची पुढची पायरी, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या एसक्यूएममध्ये ती तयार मिळते.

सेटिंग सांगतो, कारण बरेच जण इथेच अडतात. एसक्यूएमचं पॅकेज टाका, वॅनचा (बाहेरच्या लाइनचा) इंटरफेस निवडा, क्यू डिसिप्लिनमध्ये केक, स्क्रिप्टमध्ये पीस ऑफ केक. वेग दोन्ही बाजूंनी लाइनच्या ९० टक्के, म्हणजे माझ्याकडे ४५. हा आकडा सोडू नका. रांग आपल्या राउटरमध्ये लागली तरच ती आपल्या ताब्यात राहते. पूर्ण ५० ठेवले तर ती पुन्हा केबलवाल्याच्या खोक्यात जाऊन बसते. लिंक लेयरमध्ये इथरनेट विथ ओव्हरहेड, ४४. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सगळी मेहनत वाया. केकमध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला समान वाटा देण्याची सोयही आहे, ती मी चालू ठेवलीय. त्यामुळे एका फोनने कितीही फोटो चढवले तरी लॅपटॉपचा वाटा कोणी खात नाही.

फरक पहिल्याच रात्री दिसला. काका खालून म्हणाले, "व्हिडिओ जाऊ राह्यला, तू थांब जरा." मी थांबलो नाही. व्हिडिओही गेला, आणि पिंग २५ चा जेमतेम ३२ झाला. तेव्हापासून घरात नेटवरून कोणाला थांब म्हणायची वेळ आलेली नाही, आणि माझ्या दृष्टीने या राउटरची सगळ्यात मोठी कमाई तीच आहे.

उणी बाजूही आहे. स्पीड टेस्टमध्ये ४५ च दिसतात, घरच्यांना ते एकदा समजावून सांगावं लागतं. केक प्रोसेसरवर चालते, त्यामुळे स्वस्त, जुन्या चिपच्या राउटरवर ३०० एमबीपीएसची लाइन झेपणार नाही. घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल आणि त्याचं हार्डवेअर व्हर्जन दोन्ही तपासा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत राउटर ठेवायचा विचारही करू नका. माझा हॉलमध्ये भिंतीला, हवेशीर आहे आणि एकदाही हँग झालेला नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर पलटताना राउटर रीबूट होतो, म्हणून ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर घेतले. फायबरच्या वाटेवरच्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या ऑफिसला बॅकअप असेल तर गावात अंधार असतानाही शर्यत पूर्ण होते.

राउटरच्या हातात नसलेलं एक दुखणं जूनमध्ये भेटलं. वादळानंतर पिंग ठीक, पण पॅकेट लॉस, म्हणजे पॅकेटं वाटेतच हरवत होती. आयरेसिंगचा क्यू, म्हणजे क्वालिटीचा पट्टा, सारखा लाल. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २७ डीबीएम, म्हणजे जवळपास शेवटच्या कडेवर. लाइनवाल्या पोराला तो आकडा दाखवल्यावर तो थेट खांबावर चढला. जॉइंटच्या डबीत पाणी शिरलं होतं. नवीन स्प्लाइस (फायबरचा जोड) मारल्यावर उणे २१. "नेट स्लो आहे" म्हणून तक्रार केली असती तर राउटर बंद-चालू करा एवढंच ऐकायला मिळालं असतं. आकडा पाठ ठेवा.

अंतराचं मात्र काहीच करता येत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साडेसहा हजार किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद नुसत्या भौतिकशास्त्राचे, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. सावद्यातून युरोपच्या सर्व्हरवर मला १३० ते १४० मिळतात. जास्त पैसे घेऊन ते निम्मे करून देतो म्हणणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. आमच्या जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या गटाने असेटो कोर्साचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या छोट्या भाड्याच्या मशीनवर हलवला. घरून होस्ट करणं जमत नव्हतं, कारण आमच्यापैकी बहुतेकांची लाइन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता आहे. राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत पडत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका, केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी मागा किंवा असं मशीन भाड्याने घ्या. मुंबईवर आता सगळे तीसच्या आत आहेत. धुळ्याचा एक जण अजून वायफायवर खेळतो आणि सुरुवातीच्या लॅपला त्याची गाडी हलते. त्याच्यासाठी केबल घेऊन ठेवलीय, पुढच्या रविवारी टाकायला जाणार आहोत.