रोज चोळायचं की तीन महिन्यांनी टोचून घ्यायचं?

सकाळी रक्त देऊन केलेल्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, अंगात त्राण नसल्याची तक्रारही आहे, आणि आता नेमकं काय घ्यायचं एवढाच प्रश्न उरलाय, असं धरून लिहितो. एकाच रिपोर्टवर, तोही संध्याकाळच्या, विसंबून असाल तर आधी तपासणी पुन्हा करा. हे पुरुषी हॉर्मोन सकाळी चढलेलं असतं, दिवसभरात उतरतं.

पहिला फाटा मुलाबाळांचा. अजून मूल हवं असेल तर खालचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू कोठार भरलंय असं समजून एलएच आणि एफएसएच, म्हणजे अंडकोषांना कामाला लावणारी हॉर्मोन्स, पाठवणं आवरतं घेतो. मग शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परततात, पण त्याला कित्येक महिने लागू शकतात. अशांना डॉक्टर क्लोमिफीनच्या गोळ्या किंवा एचसीजीची इंजेक्शनं सुचवतात. अंडकोष मुळात धड असतील तर ती शरीराकडूनच काम करून घेतात. माझा एक मित्र क्लोमिफीनवर आहे, बरा चाललाय. आमची दोन मुलं झाली होती आणि पुरे असं ठरलं होतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

सुरुवात केली ती दर दोन आठवड्यांनी घ्यायच्या टेस्टोस्टेरॉन एनान्थेटच्या इंजेक्शनने. तिसऱ्या दिवशी मी घरातली सगळी रखडलेली कामं काढायचो आणि बाराव्या दिवशी कुणी ‘चहा घेणार का’ विचारलं तरी खेकसायचो. बायकोने कॅलेंडर न बघता माझा डोस कधी आहे ते ओळखायला सुरुवात केली होती. तोच डोस निम्मा करून दर आठवड्याला घेतला तर हा झोका बराच कमी होतो म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण माझं हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, चढत होतं. या छोट्या टप्प्याच्या इंजेक्शनांवर ते रोज त्वचेवर चोळायच्या टेस्टोस्टेरॉन जेलपेक्षा जास्त वेळा चढतं. 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी आधीच जेलकडे वळवलं.

जेलबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही. पातळी सपाट राहते, मूड शांत, सुई नाही. काही बिनसलं तर लावणं बंद करा, थोड्या दिवसांत अंगातून उतरतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीतही जेलच वापरलं होतं. तिच्यात हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले 5000 हून अधिक पुरुष होते. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण औषध नसलेलं जेल लावलेल्यांपेक्षा वाढलं नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं मात्र थोडं जास्त दिसलं. तेव्हा ज्यांना असा त्रास होऊन गेलाय त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं.

मग मी जेल का सोडलं? खांद्यामुळे.

जेल खांद्यावर आणि दंडावर चोळायचं, हात साबणाने धुवायचे, वाळू द्यायचं, वर शर्ट घालायचा, काही तास अंघोळ नाही. इथवर ठीक. पण लावलेल्या जागेला दुसऱ्याची त्वचा लागली तर औषध तिकडे जातं. बापाच्या जेलमुळे लहान मुलांमध्ये अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसल्याचे प्रकार घडले आणि 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जेलवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हे वाचलं त्या दिवसापासून मी घरात बिचकून वावरू लागलो. माझी धाकटी तेव्हा तीन वर्षांची. उठल्या उठल्या खांद्यावर चढायची सवय. मी तिला हाताच्या अंतरावर धरायचो, टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, काढलेला शर्ट कुणी उचलू नये म्हणून मीच धावत जायचो. कपड्याने जागा झाकली की धोका खूप कमी होतो, हे मला माहीत होतं. तरी मनातून जाईना. मग एका सकाळी ती दाराशीच थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, आज चालेल?’

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो.

आता टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेतो. 1000 मिलिग्रॅम, दुसरा डोस सहा आठवड्यांनी आणि मग दर 10 ते 14 आठवड्यांनी. एरंडेल तेलातलं चार मिलिलिटर औषध कुल्ल्यात हळूहळू, दोनेक मिनिटं घेऊन सोडतात. दुसऱ्या दिवशी कडक खुर्ची नको वाटते. क्वचित तेलाचे कण फुप्फुसात जाऊन खोकला, दम लागतो, म्हणून अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. एकदा टोचलं की काढून घेता येत नाही, हा याचा खरा दोष. म्हणून नवख्याने आधी काही महिने जेलवर काढून अंगाला मानवतंय का ते बघावं, असं माझं भाबडं मत. शेवटच्या पंधरवड्यात मला जरा सुस्ती यायची. पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी पातळी मोजून घेतली, अंतर 12 वरून 11 आठवड्यांवर आणलं, सुस्ती गेली.

बाकीचे पर्याय मी वापरलेले नाहीत, त्यामुळे थोडक्यात. औषधाच्या चिकटपट्टीने अनेकांची त्वचा लाल होते. त्वचेखालच्या गोळ्यांना छोटा छेद लागतो आणि कधी कधी त्या बाहेर येतात. नाकातलं जेल दिवसातून तीनदा. तोंडाने घ्यायचं अनडेकॅनोएट जेवणासोबत दोनदा, आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. काहीही निवडलं तरी हिमॅटोक्रिट आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्त तपासणी) या तपासण्या चुकत नाहीत.

घरात लहान मूल नसेल आणि सकाळचा नेम पाळण्याचा स्वभाव असेल तर जेल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आवडू शकेल. धाकटी आता सात वर्षांची आहे, खांद्यावर चढत नाही. मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, जेलवर परत जायचं का? मी पुढच्या इंजेक्शनची तारीख घेऊन आलो.