मूल दुसऱ्या राज्यात असेल तर: पंधरवड्याची भेट की सुट्टीचा ॲक्सेस?

माझी मुलगी आईकडे बेंगळुरूला असते, मी पुण्यात. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी भेट, आणि सुट्टीचा ॲक्सेस म्हणजे शाळेच्या सुट्ट्या दोघांकडे अर्ध्या-अर्ध्या, मध्ये रोज व्हिडिओ कॉल, हे दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय.

मूल चार-पाच वर्षांचं असेल तर पंधरवड्याची भेट सोडू नका, त्या वयात महिना-दोन महिने गेले की मूल बुजतं आणि एकदम दहा दिवस आईशिवाय राहणं त्याला जड जातं. सोलापूर-विजापूर किंवा सांगली-बेळगाव एवढंच अंतर असेल तरी मी बहुतेक हेच म्हणेन.

पुणे-बेंगळुरूचं मात्र वेगळं आहे. रात्रीच्या बसचा शीण चालतो हो, पण हुकलेली भेट सहन होत नाही. ताप आला, युनिट टेस्ट आली, कारणं खरीच असतात, पण बुडालेली भेट भरून द्यायची असं कोर्टाच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसलं की ती गेली ती गेलीच, अर्ज करावा तर पुढची तारीख मिळेपर्यंत आणखी एखादी भेट जाते. सुट्टीत ताप आला तर पोरगी आपल्याच घरी असते, औषध आपण पाजतो, रात्री उशाशी आपण बसतो. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

मधल्या दिवसांसाठी कॉल ऑर्डरमध्ये मागाच. यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 साली म्हटलंय की खास कारण नसेल तर कस्टडी नसलेल्या पालकाला मुलाशी रोज 5 ते 10 मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि आईवडील वेगवेगळ्या राज्यांत असतील तर हे आणखी महत्त्वाचं.

एक नीट बघा, कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींत, आपले वकील सवयीने 'दिवाळीची सुट्टी अर्धी' लिहितात, पण कर्नाटकातल्या स्टेट बोर्डाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला मोजकेच दिवस, आणि उन्हाळ्याची सुट्टीही आपल्या आधी संपते, त्यामुळे सणाचं नाव न घालता 'मुलाच्या शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे' असंच लिहून घ्या. नंतर गार्डियन्स ॲण्ड वॉर्ड्स ॲक्टखाली (मुलांच्या पालकत्वाचा कायदा) नव्याने कस्टडी मागायची वेळ आली तर कलम 9 प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं, म्हणजे माझ्यासारख्याला बेंगळुरूलाच, तेव्हा कोण आणणार, कोण पोचवणार, तिकीट कुणाचं, हे सगळं पहिल्याच कागदावर आणा.